पिठाचा अंदाज

जून लागला की प्रयागबाई
डब्यांची झाकणं उन्हात मांडते.
झाकणांवर नेलपॉलिशनं आकडे,
एक ते चाळीस. सत्तावीस नाही.
सत्तावीसचं झाकण एक पोरगी
रातराणी बसनं जाताना सोबत घेऊन गेली,
डबा मात्र घासून, पालथा घालून.

लातुरातली औसा रोडमागची ही गल्ली
दर वर्षी मे महिन्यात रिकामी होते.
गाद्या गच्चीवर, पुस्तकं रद्दीत किलोनं,
भिंतीवर राहतात फेविकॉलचे चार ठिपके,
मधला तक्ता गेलेला.
मग कोण येणार, किती येणार,
कुणालाच माहीत नसतं.
क्लासवाल्यांना नाही, घरमालकाला नाही,
त्या पोरींना तर नाहीच,
ज्यांच्या बापांनी अजून ट्रंकसुद्धा घेतलेली नाही.

प्रयागबाई नावं विचारत नाही.
कंधारची, भूमची, परांड्याची.
मी मुखेडची.
नाव ती दिवाळीनंतर विचारते.
"टिकली तर इचारावं. उगं जीव कशाला गुतवायचा."
तरी पहिल्याच आठवड्यात
कोण वरण नुसतंच पिते
आणि कोण भाकरीचा पापुद्रा आधी काढते,
तिला पाठ असतं.

मी दोनदा परीक्षा दिली.
दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा
मोबाईल उशीखाली सारून
तिच्या चुलीपाशी जाऊन बसले.
किती पडले, तिनं विचारलं नाही.
लसणाची गड्डी पुढे सरकवली.
म्हणाली, सोल.

मी सोलत होते. ती बोलत होती,
मला नव्हे, तव्याला सांगावं तसं:
"घर पडलं तवा लगीन होऊन आठ म्हयने झालते.
दोन वर्सं पत्र्यात राह्यलो. मग सरकारनं नवं गाव दिलं.
एका रेघंत घरं, समदी सारकी.
पान्याची घागर घिऊन मी
तीनदा दुसरीच्याच घरात शिरले.
तिसऱ्या बारीला ती बाई म्हनली,
आता आलीच हायेस तर च्या पिऊन जा."

एवढंच. पुढे काही नव्हतं.
भाकरी फुगली, तिनं उतरवली.
माझ्या नखांत लसूण जळजळत राहिला
दुसऱ्या दिवसापर्यंत.

आता मी खालच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते.
दुसऱ्यांच्या मार्कलिस्टा काचेवर पालथ्या घालते,
दोन रुपये पान.
घरी सांगितलंय, सहा महिने.
सहा महिन्यांनी काय, ते मी सांगितलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही.
संध्याकाळी वर जाऊन प्रयागबाईची वही धरते:
कुणाचे पैसे आले, कुणाचा खाडा.

ह्या वर्षी म्हणतात, परीक्षा पुढे जाणार.
म्हणतात, पद्धतच बदलणार.
समोरच्या मेसवाल्यानं कुलूप लावलं
आणि पुण्यात मेव्हण्याकडे गेला.
जाताना आपलं मोठं पातेलं
हिच्या दारात ठेवून गेला, न विचारता.
ती रोज त्याला वळसा घालून जाते.
परवा त्यात कांदे भरले.

आज वहीत सातच.
मी म्हणते, सात.
ती म्हणते, "हूं."
पिठाच्या डब्यात हात घालते,
सात ओंजळी, मोजून.
मग आठवी.
थांबते. जिन्याकडे कान देते.
जिन्यात कुणी नाही. खाली एक ऑटो
थांबल्यासारखा होऊन पुढे गेला.

आठवीतली अर्धी ती डब्यात परत सोडते.
उरलेली अर्धी परातीत टाकते
आणि माझ्याकडे न बघता म्हणते,
"पानी वत."